कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रीमामांना, ‘नाही’ म्हटल्याबद्दल

मेस्त्रीमामा,
स. न. वि. वि.

तुमचं नाव आणि वर्कशॉपची गल्ली लिहायची नाही, ही तुमची अट पाळते आहे. “हाय ती कामं उरकंनात, आन् गर्दी कशाला?” असं म्हणाला होतात. तरीही पत्र जाहीर लिहिते आहे. घरासारखी व्हॅन करून हिंडणारी माणसं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत आणि गाडीतला गिझर बिघडला की त्यांना काय काय सल्ले मिळतात ते मी ऐकलं आहे. पुतण्याला वाचून दाखवायला सांगा, पण चहाच्या वेळी. लेथ चालू असताना नको.

आमच्या व्हॅनचा गिझर दुरुस्त करून दिलात त्याचे आभार आहेतच. पण मला खरे आभार मानायचेत ते तुम्ही जी कामं करायला नकार दिलात त्यांचे.

नरसोबाच्या वाडीला सासूबाईंना दत्तदर्शनाला नेलं होतं, तिथंच गिझरचं दुखणं सुरू झालं. त्यांच्या गुडघ्यांना सकाळी कडकडीत पाणी लागतं. हीटरची टाकी हात लावू देत नव्हती इतकी तापलेली, आणि न्हाणीच्या नळाला मात्र कोमट पाणी. वर गाडीबाहेरच्या झाकणातून सेफ्टी व्हॉल्व्ह टपटप गळत होता. एका दुकानात न उघडताच निदान झालं: कॉइल गेली, अख्खा हीटर बदला. हमरस्त्यावर दुसऱ्यानं त्याहून सोपा उपाय सुचवला. ठिबकतंय ना? डमी मारून भोकच बुजवून देतो, पाच मिनिटांचं काम.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही पाना हातात घेतलाच नाहीत, हे मला आधी विचित्र वाटलं. सीटखालची फळी उचलून तळहाताची पाठ एकेका पाइपला लावत गेलात. हीटरमधून निघणारा पाइप चटका देत होता, हातभर पुढे तोच पाइप कोमट. “ताई, हीटर तापतोय, पाणीबी तापतंय. वाटंत कोण गार मिसळतंय ते बघू या की.” मग पंप चालूच ठेवून हीटरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद केलात आणि मला गरम नळ उघडायला सांगितलंत. टाकीत पाणी शिरायची वाटच बंद, म्हणजे नळ कोरडा पडायला हवा होता. तो धो धो वाहत राहिला.

चोर होता बायपासचा कॉक. त्याची दांडी बंद दाखवत होती, पण आतले दाते झिजल्यामुळे बॉल अर्धा उघडाच राहिला होता. गार पाणी टाकीला वळसा घालून थेट गरम लाइनीत येत होतं. हा कॉक मुळात कशाला ठेवलाय, असं तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकून हसलात. थंड देशांत हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून तिथले लोक टाकी रिकामी करतात आणि पाइपांत न गोठणारं द्रावण भरतात. ते टाकीत जाऊ नये म्हणून ही आडवाट. कोल्हापुरात जिचा जन्मात उपयोग नाही तिनंच आमचं पाणी गार केलं! मग काढूनच टाका, असं मी म्हटलं, तर तुमचा पहिला नकार आला. “असू दे. उद्या टाकी गळाली तर हीटर बाजूला ठिऊन गार पाणी तरी चालू राहील.” अर्ध्या इंचाचा पितळी कॉक बसवलात आणि दांडीवर उघड्या-बंदची खूण कोरून दिलीत.

आता त्या डमीबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्या कुणीतरी ती कदाचित मारूनही घेतली असेल.

कारखान्याच्या बॉयलरवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसासमोर मी ‘सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करता येईल का’ असं विचारलं, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रागावला नाहीत. व्हॉल्व्हवरची पट्टी पुसून मला वाचायला लावलीत: दाब १५० पीएसआय, तापमान २१० फॅरेनहाइट, म्हणजे ९९ अंश सेल्सिअस. आमचा पंप तर ५० पीएसआयच्या आतच बंद होतो, मग व्हॉल्व्ह उघडण्याइतका दाब येतो कुठून? तापल्यावर पाणी फुगतं म्हणून, असं तुम्ही सांगितलंत. घरी येऊन मी हिशेब केला. आमच्या २२ लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण एक तृतीयांश लिटरनं वाढतं. पंपाकडे परत जायला त्याला वाट नाही, कारण तिथं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. नळ सगळे बंद. पाणी दबत तर नाहीच. अशा वेळी टाकीच्या माथ्यावर राहिलेली हवाच काय ती दबते. पण ही हवा हळूहळू पाण्यात विरते, मग जागा उरत नाही आणि व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडून टाकी वाचवतो. म्हणजे जो आपलं काम चोख करत होता त्यालाच आम्ही बिघाड समजत होतो.

डमी मारली असती तर रोजच्या रोज काही दिसलंही नसतं. ज्या दिवशी पाणी तापलं की हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट चिकटला असता त्या दिवशी मात्र दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं असतं, आणि टाकी फाटली की त्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. लिटरभर पाण्याची वाफ मोकळ्या हवेत सुमारे १,६०० लिटर जागा मागते. आमची टाकी सासूबाईंच्या अंथरुणाखाली आहे. “वाफंला वाट ठिवायची. बाकी सगळं मागनं,” एवढंच तुम्ही म्हणालात.

उपाय फुकटातला निघाला. हीटर बंद करून पाणी पूर्ण निवू द्यायचं, पंप बंद, एक गरम नळ उघडा. मग व्हॉल्व्हची दांडी ओढून पाणी थांबेपर्यंत बाहेर जाऊ द्यायचं, दांडी सोडायची, नळ बंद, पंप चालू. माथ्यावर पुन्हा हवा बसते. एवढं करूनही गळत राहिला तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो किंवा तो म्हातारा झालेला असतो. मग त्याच दाबाचा नवा बसवायचा, प्लग नाही, हेही बजावलंत.

पुढचा नकार तर उद्यमनगरात कुणी देईल असं वाटलंच नव्हतं. टाकीच्या तळाचा रॉड काढलात तेव्हा बोटाएवढ्या जाड मॅग्नेशियमच्या जागी नुसती तार शिल्लक होती. आमची टाकी लोखंडी, आतून काचेसारखा मुलामा. त्या मुलाम्याला कुठं बारीक तडा असला तर गंज टाकीऐवजी आधी या रॉडला खातो. तो दर वर्षी बघायचा आणि पाऊण भाग गेला की बदलायचा. इथं लेथवर काय वाटेल ते कातून मिळतं, म्हणून एक कातून द्या, असं मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. लोखंडाचा कातला तर तो टाकीसाठी मरणार नाही, आणि पितळेचा लावला तर टाकीच त्याच्यासाठी मरेल. तात्पुरता प्लग लावलात आणि असली रॉड मागवायला लावलात. (ज्यांची टाकी अॅल्युमिनियमची आहे त्यांनी रॉड शोधत बसू नये. त्यांच्या हीटरला बहुधा तो नसतोच.)

त्या भोकातून पांढरे पापुद्रे पडले तेव्हा तुमचा प्रश्न होता, पाणी कुठलं भरता? वाडीला जाताना शिरोळच्या बाजूला बोअरचं भरलं होतं. क्षारपड जमिनीतलं ते पाणी तापलं की टाकीत चुना सोडतं. आता शहरातूनच भरून निघतो. थेट पाइपलाइनसाठी कोल्हापूरकरांनी इतकी वर्षं आरडाओरडा केला, २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी एकदाचं आलं, तर त्यातला थोडा वाटा आमच्या हीटरलाही मिळू दे.

आमचा हीटर विजेच्या कॉइलवरही चालतो आणि गॅसवरही. गॅसच्या बाजूचं तुम्ही थोडक्यात आटोपलंत. बर्नरच्या नळीत कोळ्यानं जाळं केलं होतं, म्हणून ज्योत पिवळी आणि भिंतीवर काजळी. जाळं काढल्यावर ती निळी झाली. आतला धुराचा नळ बघून “बंबच हाय की ह्यो!” म्हणालात आणि मला ते यंत्र पहिल्यांदा नीट कळलं. मधून जाळ, भोवती पाणी. साबणाचा फेस लावून सांधे तपासलेत, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडला नाहीत. “ते माझं काम न्हाई, त्याच्या माणसाकडं जावा.” येणारं काम असं पुढच्या माणसाकडे धाडणारे मी फार पाहिलेले नाहीत.

बिलाबद्दलही लिहिते, तुम्हाला संकोच वाटला तरी. त्यावर कॉक, वायसर, टेप, आणि शेवटची ओळ होती: ‘तपासणी’. सगळ्यात मोठी रक्कम तीच, आणि ती तशीच असायला हवी. आपण माल दिसला की पैसे काढतो आणि डोकं वापरलं की “नुसतं बघितलं तर” म्हणून कुरकुरतो. म्हणूनच तर न बघता हीटर बदलायला सांगणारे तयार होतात.

कॉइलच्या बटणावर तुम्ही चिकटवलेली पट्टी अजून तशीच आहे: ‘आधी गरम नळ उघडा. पाणी आलं का?’ टाकी रिकामी असताना बटण दाबलं तर कॉइल बघता बघता जळते, म्हणून ती. सासूबाई रोज सकाळी ती मोठ्यानं वाचतात आणि मी “आलं” म्हटल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत.

रॉड आला आहे. आटे पाऊण इंचाचेच आहेत, मी मापून घेतलेत. पाण्याची टाकी रिकामी करून आणि हीटर आदल्या रात्रीच बंद ठेवून गाडी आणते, म्हणजे तुम्हाला निवायची वाट बघावी लागणार नाही. कधी आणू तेवढं पुतण्याकडून कळवा. तपासणी याही वेळी बिलात लावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
राजारामपुरीची व्हॅनवाली ताई