मोठीशी बोलल्याशिवाय काही ठरवू नका

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

दादाचा फोन आला आणि घरात काय काय ठरले ते कळले. आपल्या थोरल्या लेकीचे, मोठीचे, चोपड्याचे कॉलेज बंद करायचे, बारावीची परीक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्यायला लावायची, शिरपूरकडच्या स्थळाशी माघात साखरपुडा उरकायचा आणि बारावी झाली की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, लग्न लावून द्यायचे, असे त्याने एका दमात सांगितले. मोठी काय म्हणते, असे मी विचारले तेव्हा तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तिला काय विचारायचंय? ती लहान आहे." त्या उत्तरामुळे हे पत्र लिहीत आहे. फोनवर आपल्या घरात आवाज चढतात आणि मुद्दा बाजूला राहतो. शिवाय बाबा, तुम्ही हाती आलेला कागद दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे.

भाऊबंदांपैकी कोणीतरी तिला बसस्टँडवर वर्गातल्या मुलाशी बोलताना पाहिले, एवढ्यावरून हे सगळे सुरू झाले. त्याच संध्याकाळी तिचा मोबाइल काढून घेतला गेला आणि तिची वही ओसरीवर काकांसमोर मोठ्याने वाचली गेली. ती वही मी दिवाळीत पाहिली होती. निळ्या पुठ्ठ्याची, पुढून रसायनशास्त्राच्या नोट्स आणि मागून, वही उलटी धरून, तिने स्वतःसाठी लिहिलेल्या नोंदी: कोणती बस चुकली, कोणत्या मॅडमनी सेंद्रिय रसायनाचा धडा पुन्हा शिकवला, वहिनीची कंबर दुखते म्हणून रविवारचे धुणे आपण करायचे. त्या पानांत लपवण्यासारखे काही नव्हते, तरीही ती तिची होती आणि तिला विचारल्याशिवाय कोणी वाचायला नको होती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. तो अठराव्या वाढदिवसापासून सुरू होतो, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही. सतरा वर्षांच्या मुलीला आपले मन कागदावर उतरवायलाही घरात जागा राहिली नाही, याचे मला फार वाईट वाटले. वहिनी सांगत होती की त्या दिवसापासून ती जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाही.

बाबा, आजीने बक्षीसपत्राने मोठीच्या नावे केलेल्या जमिनीच्या तुकड्याचे गेल्या वर्षी काय झाले ते आठवून पाहा. दादाला तो विकून ठिबकचे कर्ज फेडायचे होते आणि सातबाऱ्यावर तिच्या नावापुढे अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून दादाचेच नाव असल्यामुळे आपल्याला सही करता येईल, असे त्याला वाटले होते. वकिलांनी सांगितले की १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता बापालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही, आणि तशी गरज किंवा मुलाचा उघड फायदा दाखवल्याशिवाय न्यायालय परवानगी देत नाही. तुम्हीच तेव्हा म्हणालात की कायदा बरोबर आहे, लेकराचे नुकसान होता कामा नये. वीस गुंठ्यांसाठी जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि तिच्या अख्ख्या आयुष्याचा व्यवहार मात्र ओसरीवर, चहाचे कप रिकामे होईपर्यंत, तिच्या गैरहजेरीत ठरतो. जमिनीच्या बाबतीत तुम्ही जो न्याय मानलात, तोच तिच्या बाबतीत मानावा, एवढीच माझी मागणी आहे.

लहान म्हणून विचारायचे नाही, ही आपल्याकडची रीत आहे असे तुम्ही म्हणाल. "मोठ्यासना मझार बोलानं नही" हे ऐकतच आम्ही वाढलो. पण ही लहान मुले कामाला लहान नसतात. कापसाच्या वेचणीला दिवसभर उभी राहणारी मोठी लहान नसते. थ्री फेज रात्रीची आली की मोटर चालू करायला बॅटरी घेऊन मळ्यात जाणारा धाकटा तेरा वर्षांचा आहे, आणि त्या शिवारात बिबट्याचे ठसे दिसल्याचे तुम्हीच मला सांगितले होते. त्याला एकट्याने पाठवू नका, हे या निमित्ताने आधी सांगून ठेवते. वहिनी आजारी पडली तेव्हा पंधरा माणसांचा स्वयंपाक मोठीने केला, आणि आईच्या बीपीच्या गोळ्या कधी द्यायच्या हे घरात तिलाच सर्वांत नीट माहीत आहे. तिच्या खांद्यावर एवढा भार देताना तिच्या समजेवर आपला पूर्ण विश्वास असतो; कोणते विषय घ्यायचे, कोणाशी मैत्री करायची आणि कोणाच्या घरी नांदायला जायचे हे प्रश्न आले की तोच विश्वास कुठे जातो, हे मला कधीच समजलेले नाही.

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत होता तेव्हा दर ९ सप्टेंबरला वर्गात नंदुरबारची गोष्ट सांगायचात. १९४२ साली तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा सोळाव्या वर्षात होता, म्हणजे आज मोठी आहे त्याहून लहान. त्याला देश म्हणजे काय ते कळत होते, असे तुम्ही आम्हाला शिकवलेत आणि त्याच्या स्मारकापुढे हात जोडायला लावलेत. त्याच्याहून मोठ्या असलेल्या आपल्या नातीला स्वतःचे भले कळत नाही, हे तुमच्या तोंडून ऐकायला मी तयार नाही.

कळते याचा अर्थ सगळे कळते असा नाही, हे मी मान्य करते. फसवणूक करणारे असतात, मोबाइलवरून मुलींना त्रास देणारे असतात, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या बसमध्ये काय घडू शकते हे मी त्याच मार्गावर प्रवास करून जाणते. म्हणून सोबत करावी, विचारपूस करावी, धोका समजावून सांगावा, गरज पडली तर नाहीसुद्धा म्हणावे. केळीला वारा लागू नये म्हणून आपण बांधाला शेवरी लावतो, पण कोणी बागेवर ताडपत्री अंथरत नाही. आपल्या देशातले कायदेही अल्पवयीन मुलांना संरक्षण देतात, त्यांचे बोलणे काढून घेत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असे लिहिले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही हेच तत्त्व आले. आणि हे नवे फॅड आहे असे कोणी म्हणेल तर त्याला सांगावे की इंग्रजांच्या काळातल्या, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातसुद्धा, मूल पुरेसे समजदार असेल तर पालक नेमताना न्यायाधीशाने त्याची पसंती विचारात घेण्याची तरतूद आहे. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

त्या वर्गातल्या मुलाबद्दल दोन शब्द. दादा त्याच्या घरी जाऊन पोक्सोची केस करीन असे बोलून आला, हे ऐकून मला धक्का बसला. तो कायदा २०१२ साली लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून झाला आणि त्याची नितांत गरज होती. त्याने संमतीचे वय सोळावरून अठरा केले, आणि तेव्हापासून दोन समवयस्क मुलांची मैत्री किंवा प्रेम घरच्यांना रुचले नाही की मुलाला अद्दल घडवायला त्याच कायद्याचा वापर होत आला आहे. इथे तर प्रेमाचाही प्रश्न नव्हता, प्रयोगवहीची देवाणघेवाण होती. त्या मुलाची आई मजुरीला जाते. पोलीस स्टेशनचे नुसते नाव ऐकून त्याने चार दिवस कॉलेज बुडवले. दादाने त्या माउलीला जाऊन सांगावे की असे काही होणार नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. एका उन्हाळ्यात आपण गच्चीवर बिबड्या घालत होतो आणि तू हात न थांबवता सांगितलेस की तुला सातवीच्या परीक्षेला बसायचे होते, पण हळद लागली आणि परीक्षा राहिली, "मला कोणी विचारलंच नाही." तुझे लग्न झाले तेव्हा मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय पंधरा होते, १९७८ साली ते अठरा झाले. तू पुढे संसार नेटाने केलास, आम्हाला शिकवलेस, आणि मला जळगावच्या होस्टेलला पाठवायला भाऊबंदांचा विरोध झाला तेव्हा बाबांच्या बरोबरीने तू उभी राहिलीस. त्या वेळी तुम्ही दोघांनी मला समोर बसवून विचारले होते, "तुला झेपेल का?" माझ्या उत्तरावर तुम्ही विश्वास ठेवलात म्हणून आज मी माझ्या पायावर उभी आहे. मोठीला तोच प्रश्न विचारायला तुमच्याहून योग्य माणसे मला दिसत नाहीत.

लग्नाच्या तारखेबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. मोठीला अठरा पूर्ण होतात ऑगस्टमध्ये आणि आखाजी येते त्याच्या तीन-चार महिने आधी. दादा म्हणतो, एवढ्याने काय बिघडते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे असा विवाह लावणारे, ठरवणारे आणि त्याला संमती देणारे पालक यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. साखरपुड्याला आज शिक्षा नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बालविवाहावरच्या निकालात म्हटले आहे की अल्पवयात ठरवलेला साखरपुडाही मुलीची निवड करण्याची मोकळीक हिरावून घेतो, आणि संसदेने त्यावर बंदी घालण्याचा विचार करावा. हे अपवादाचे प्रकरण नाही, आई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी जवळपास बावीसजणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त होते. यातल्या बहुतेकींच्या घरी तुमच्या-आमच्यासारखीच, मुलीचे वाईट न चिंतणारी माणसे असणार.

पण वय चार महिन्यांनी पुढे ढकलले की प्रश्न मिटला, असे कृपा करून समजू नका. ऑगस्टनंतरचा मुहूर्त धरलात आणि तिला विचारलेच नाही, तर कायद्याची अडचण टळेल आणि अन्याय तसाच राहील. दिवाळीत ती मला म्हणाली होती की तिला बी.एस्सी. ॲग्री करायचे आहे आणि केळीवरच्या करप्याबद्दल आपल्या शिवारात कोणी नीट सांगत नाही म्हणून ते शिकायचे आहे. हे तिने तुम्हाला सांगितले आहे का, आणि सांगितले नसेल तर का सांगितले नाही, याचा विचार करा.

सतरा नंबरचा फॉर्म भरू नका. परिस्थितीने शाळा सुटलेल्यांसाठी ती सोय आहे; मोठीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला एस.टी.चा मोफत पास चालू आहे, तिची हजेरी चांगली आहे, आणि विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके घरी बसून होत नाहीत. सोमवारपासून तिला कॉलेजला जाऊ द्या. बसची काळजी असेल तर गावातल्या तिच्या मैत्रिणी त्याच बसला असतात, त्यांच्याशी बोलून घ्या. वही तिला परत द्या आणि ती देताना, पुन्हा कोणी उघडणार नाही, असे बाबांनी तिला सांगावे. मोबाइल किती वेळ वापरायचा याचा नियम तिच्याबरोबर बसून करा. नियम करताना ती हजर असली तर पाळेलही, असा माझा अनुभव आहे. माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही तसेच केले आणि रात्री दहानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा हे तिनेच सुचवले.

येत्या शनिवारी मी जळगावला उतरून दुपारच्या एस.टी.ने घरी येत आहे. रात्री जेवणे झाल्यावर आपण सगळे बसू, दादा-वहिनीसुद्धा, आणि आधी मोठी बोलेल. तिचे बोलणे संपेपर्यंत दादाने मध्ये बोलू नये, हे बाबांनी त्याला आधीच बजावावे, कारण माझे तो ऐकणार नाही. तिच्या बोलण्यात काही चुकीचे वाटले तर तेही तिला सांगू. ती नको म्हणाली तर मात्र स्थळ तिथेच थांबले पाहिजे. तरीही साखरपुडा करायचेच ठरले, तर मी ग्रामसेवकांकडे अर्ज देईन आणि गरज पडली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोनही करीन. हे मी कोणाच्या पाठीमागे करणार नाही म्हणून आत्ताच लिहून कळवत आहे. तुमच्याबद्दलचा आदर त्याने तसूभरही कमी होणार नाही.

शिरपूरच्या मंडळींना मी काहीही कळवलेले नाही. तो फोन बाबांनीच शनिवारनंतर करावा.

आईने गोळ्या वेळेवर घ्याव्यात. जानेवारीतल्या डोळ्यांच्या तपासणीचे मी इथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. लहानांना आशीर्वाद.

तुमची लेक