इंजिन बंद पडलं की आधी पेट्रोल बघा, स्क्रू नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इथेनॉलवाल्या पेट्रोलवर आपल्या पेपरात पत्रं येतायत ती सगळी गाडीवाल्यांची, कुणाचं मायलेज पडलं, कुणाच्या जुन्या बाईकचा रबर पाइप फुगला वगैरे. बरोबरच आहे, पण याच पेट्रोलवर अजून एक दुनिया चालते तिचं कुणीच लिहीत नाही, म्हणजे छोटी टू-स्ट्रोक इंजिनं. आम्ही रिमोटची मॉडेल विमानं उडवतो, त्यात वीस सीसीपासून शंभर-सव्वाशे सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असतात. शौक श्रीमंती आहे, मान्य. पण ज्या जातीचा कार्ब्युरेटर आमच्या विमानात, त्याच जातीचा कोकणात काजू-आंब्याच्या बागेत गवत कापायच्या ब्रश कटरमध्ये आणि झाडं तोडायच्या चेन सॉमध्ये असतो, त्यामुळे हे पत्र फक्त हौशी लोकांसाठी आहे असं समजू नका.

हल्ली प्रत्येक फील्डवर एकच सीन दिसतो. इंजिन जमिनीवर झकास, फुल थ्रॉटल देऊन विमान वर चढवलं की चाळीस-पन्नास फुटांवर फटकन बंद. मग डेड स्टिक लँडिंग, म्हणजे बंद इंजिनावर उतरवणं, नशीब असेल तर धावपट्टीवर नाहीतर शेजारच्या उसात. विमान परत आणलं की चार जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावतात आणि कार्बचे दोन स्क्रू, लो (कमी वेगाचा) आणि हाय (जास्त वेगाचा), फिरवायला सुरुवात. एक म्हणतो लीन झालंय (पेट्रोल कमी पडतंय), दुसरा म्हणतो रिच झालंय (पेट्रोल जास्त होतंय), तिसरा कुणी काय फिरवलं ते न विचारता अजून पाव फेरा देतो. अर्ध्या तासात मूळ सेटिंग कुठे होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. मागच्या रविवारी चांगलं चाललेलं इंजिन या रविवारी बिघडलं तर स्क्रू आपोआप फिरलेला नसतो (व्हायब्रेशनने क्वचित फिरतो, पण क्वचितच), बदललं असतं ते दुसरं काहीतरी आणि बहुतेक वेळा ते टाकीत असतं.

आता इथेनॉल. देशात जून २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रण झालं, वीस टक्क्यांचं टार्गेट आधी २०३० चं होतं ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंसुद्धा. ऊस आपला, कारखाने आपले, शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाही. पण हिशोब बघा. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च किलो. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. नव्या गाडीत सेन्सर आहे, कॉम्प्युटर आहे, तो आपलं आपण जुळवून घेतो. आमच्या कार्बला ना सेन्सर ना मेंदू, जुन्या पेट्रोलवर सेट केलेला स्क्रू नव्या पेट्रोलवर लीन ठरतो, इंजिन तापतं, आणि वर चढताना जिथे सगळ्यात जास्त जोर लागतो तिथेच दगा देतं.

दुसरं म्हणजे पाणी. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं, पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनाभर ठेवला की विचारूच नका. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून खाली बसतात, पेट्रोल वर तरंगतं. आणि टाकीतला क्लंक, म्हणजे पाइपच्या टोकाचं ते वजन, असतो कुठे? तळाला. तो नेमकं तेच ओढतो. त्या खालच्या थरात टू-टी ऑइल नीट मिसळत नाही, म्हणजे इंजिन बंद पडलं तर नशीब म्हणायचं, चालत राहिलं तर पिस्टन कोरडा घासणार.

तपासायला फार काही लागत नाही. शाळेच्या लॅबमध्ये असतं तसं १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, १० च्या खुणेपर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल (ऑइल न मिसळलेलं), बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. हे मोकळ्या जागेत करा, स्वयंपाकघरात नाही. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर फुगतो. १० वरचा थर २७-२८ वर आला की समजायचं वीस टक्के आहे, १० चा १० च राहिला तर इथेनॉल नाही. काही महाभाग हा प्रयोग मोठ्या बरणीत करून वरचं पेट्रोल काढून विमानात घालतात, कृपया नको, ऑक्टेन उतरतो आणि पाण्याचा अंश राहतो तो राहतोच. मोठ्या शहरांत काही पंपांवर १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल मिळतं, त्यात इथेनॉल नसतं म्हणून आमच्यातले बरेच जण तेच घेतात. घ्या, पण तेही एकदा मोजपात्रात बघा.

पेट्रोल ताजं आहे, ऑइलचं प्रमाण बरोबर आहे (३०:१ म्हणजे लिटरला ३३ मिली, अंदाजे ओतायचं नाही) हे पटलं की मग पाइप. ग्लो इंजिनवरून (ती मिथेनॉलवर चालतात) पेट्रोलवर आलेले लोक सवयीने सिलिकॉनचा पाइप लावतात. मिथेनॉलला तो चालतो, पेट्रोलमध्ये तो फुगतो, मऊ पडतो आणि निपलवरून सुटतो. टायगॉनसारखा पेट्रोलला चालणाराच पाइप हवा, आणि तोसुद्धा वर्ष-दोन वर्षांत कडक होतो. टाकीच्या आतला तुकडा तर दिसतच नाही, तो कडक झाला की क्लंक खाली पडायचं सोडून मधेच अडकतो, मग विमान नाक वर करून चढलं की क्लंक हवेत आणि इंजिनला पेट्रोलऐवजी हवा. जमिनीवर झकास, वर गेलं की बंद, याचं हे एक नंबरचं कारण. टाकी बाहेर काढा, बाकीच्या नळ्या चिमटा लावून बंद करा, बादलीत बुडवा आणि एका नळीतून सिरिंजने हळूच हवा द्या. बुडबुडा जिथून येईल तिथे चोर. व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा यायची, नळीही फुंकून बघा, तिच्यात कुंभारमाशीने घर केलेलं मी स्वतः बघितलंय, टाकीत व्हॅक्युम होतो आणि दोन मिनिटांनी इंजिन गप.

यानंतर कार्ब, पण अजूनही स्क्रू नाही. वॉलब्रो कंपनीच्या पद्धतीच्या कार्बला एका बाजूला एका स्क्रूचं झाकण असतं, त्याखाली नखाएवढी बारीक जाळी. तिच्यावर पाइपचा भुगा, लाकडाचा कचरा, कधी हिरवट चिकट थर बसलेला असतो. ती सुईने टोचायची नाही, कार्ब क्लीनर मारून ब्रशने पुसायची. त्याच बाजूला पंपाचा पातळ पडदा असतो, दुसऱ्या बाजूच्या झाकणाखाली मीटरिंगचा. नवा पडदा बोटाने दाबला की लुसलुशीत लागतो, जुना पापडासारखा कडक होतो, मग त्याच्याकडून पेट्रोल मोजून सोडण्याची अपेक्षा करणं चूक आहे. किट मागवा, दोन्ही पडदे बदला. मीटरिंगच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं ते बाहेरच्या हवेचा दाब घ्यायला. काऊलच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत वारा कोंडला की तो त्या भोकावर दाबतो आणि वेगात इंजिनचं मिश्रण बिघडतं, म्हणजे काऊल काढून चालवलं की उत्तम, काऊल लावलं की वेड्यासारखं वागतं. त्या भोकावर छोटी पितळी नळी डकवून तिला पाइप जोडून तो फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत नेला की झालं. आणि काऊलला हवा बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट ठेवा, नागपूरच्या मे महिन्यात तर हे न करणाऱ्याने विमान घरीच ठेवावं.

इग्निशनचं थोडक्यात सांगतो. वेगळी बॅटरी, लोडवर व्होल्टेज मोजायचं, प्लगचा गॅप साधारण अर्धा मिमी किंवा किंचित कमी, प्लगची टोपी घट्ट बसलीये ना ते बघायचं. टोपी प्लगवर न लावता स्पार्क काढून बघायचा नाही, युनिट जळतं. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि त्याच्या वायरी इग्निशनपासून फूटभर तरी लांब. प्लग काढून रंग बघायची पद्धत अजून उपयोगी आहे, चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरा पडला तर लीन, काजळी असेल तर रिच, मात्र सिंथेटिक ऑइलवर रंग फारसा धरत नाही तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका. कार्ब आणि इंजिनच्या मधले बोल्ट ढिले झाले की तिथून हवा ओढली जाते, तेही आवळून बघा.

एवढं सगळं झालं की घ्या तो स्क्रू ड्रायव्हर. दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करा (आवळलात तर सीट कायमची गेली), किती फिरले ते कागदावर लिहा, मग दोन्ही साधारण दीड फेरा उघडे ठेवून सुरुवात करा, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असेल. आयडलवरून एकदम थ्रॉटल दिल्यावर इंजिन न कुरकुरता मरत असेल तर लो लीन आहे, गुरगुरत धूर काढत उठत असेल तर लो रिच. तो जमला की हाय. फुल थ्रॉटलवर जास्तीत जास्त आरपीएम शोधायचे आणि तिथून दोन-तीनशे उतरेपर्यंत स्क्रू उघडायचा, ई-२० वर (वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर) तर नक्कीच. एका वेळी एक-अष्टमांश फेरा, आणि एका वेळी एकाच माणसाने. पंचावन्न सीसीचं इंजिन बावीस इंची प्रॉप (पुढचा पंखा) मिनिटाला सात हजारच्या आसपास फिरवतं, त्यामुळे स्क्रू फिरवायचा तो प्रॉपच्या मागे उभं राहून, विमान कुणीतरी धरलेलं आणि किल स्विचवर एकाचं बोट. बाह्या लोंबणारा शर्ट घालून वाकणाऱ्याला फील्डवरून हाकलून द्या, मैत्री राहिली बाजूला.

आता मुद्द्याची मागणी. पंपावर ई-२० चा स्टिकर असतो किंवा नसतो, असला तर मशिनच्या कोपऱ्यात, आणि पेट्रोल टाकीत किती दिवस पडून आहे याचा पत्ता नसतोच. तेल कंपन्यांनी नॉझलवर ठळक मराठीत टक्के लिहावेत, इथेनॉल नसलेलं पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतं त्याची जिल्हावार यादी द्यावी, आणि पंपावर मागितलं तर पाण्याची ही दहा मिनिटांची टेस्ट गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. घनता तपासून देतात तशी. बाटलीत पेट्रोल देत नाहीत ते योग्यच आहे, पण धातूचा चांगल्या झाकणाचा कॅन घेऊन गेलेल्या ब्रश कटरवाल्या शेतकऱ्यालाही परत पाठवतात, मग तो बाईकच्या टाकीतून नळीने तोंडाने ओढून काढतो. यावर पुरवठा खात्याने एकच काय तो नियम ठरवून पंपावर लावावा.

तोपर्यंत मॉडेलवाल्यांनी आणि कटरवाल्यांनी एवढं करा, काम संपलं की टाकी रिकामी करा, उरलेलं मिश्रण महिन्याच्या आत बाईकमध्ये न घालता दुसऱ्या टू-स्ट्रोक मशिनमध्येच संपवा, आणि कॅनवर पेट्रोल भरल्याची तारीख मार्करने लिहा.

आपला,
एक एरोमॉडेलर वाचक, पुणे