वनसंशोधनाची सुरुवात रानातून व्हावी

मा. संपादक,

वनपरिसंस्थेच्या संशोधनाकडे वळणारे अनेक पदव्युत्तर विद्यार्थी थेट उपग्रहचित्रे आणि संगणकीय प्रारूपांपासून सुरुवात करतात, याची मला मनापासून काळजी वाटते. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाची जाडी मोजायला फीत लावताना वेल कसा बाजूला करायचा, बुंध्याशी फताडी आधारमुळे असतील तर मोजमाप त्यांच्या वर कुठे घ्यायचे, हे रानातच कळते. पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टर क्षेत्रातील १ सेंटिमीटर व त्याहून जाड खोडाचे प्रत्येक झाड साधारण दर ५ वर्षांनी पुन्हा मोजले जाते. झाडांच्या वाढीसारखे एवढे संथ बदल टिपायला प्रबंधाची मुदत पुरत नाही. म्हणून विद्यापीठांनी नवागतांना अशा दीर्घकालीन नोंदींच्या कामात पहिल्याच वर्षी सामील करून घ्यावे आणि त्यासाठी श्रेयांक द्यावेत.

– एक वनसंशोधक