पान्याला फिरायला जागा ठेवा

महोदय,

‘सर्न’ या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन संस्थेच्या पुढच्या कोलायडरच्या, म्हणजे चुंबकांनी कणांचे झोत गोल फिरवून त्यांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राच्या, आखणीत कृत्रिम बुद्धिमत्ता काय काय करू शकेल, यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. भोसरीत तीस वर्षं मशीन डिझाइन केलेला माणूस म्हणून थोडं लिहावंसं वाटलं.

संगणकाचा उपयोग मी नाकारत नाही. जिनिव्हाच्या परिसरात योजलेला ‘फ्युचर सर्क्युलर कोलायडर’ 91 किलोमीटर घेराचा आणि जमिनीखाली सरासरी 200 मीटरवर असेल. अशा यंत्रात एका चुंबकाचा आकडा हलवला की पुढचे दहा हलतात. कणांचा झोत हजारो फेऱ्या टिकेल का, हे दर वेळी सिम्युलेशनने (संगणकावर हुबेहूब नक्कल करून) तपासायचं तर वेळ फार जातो. म्हणून न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, आधीची उत्तरं शिकवायची, त्याच्याकडून झटपट अंदाज घ्यायचा आणि निवडक पर्यायच पूर्ण गणिताने पारखायचे. उत्तम सोय आहे.

पण सॉफ्टवेअर तेवढंच सांभाळतं, जेवढं त्याला बजावलेलं असतं. आमच्याकडे एकदा ऑप्टिमायझेशन करून एक ब्रॅकेट काढला. वजन निम्म्यावर, दिसायला थेट कोंबडीच्या हाडासारखा. आम्ही ऑफिसातले सगळे खूश. असेंब्लीवरच्या फिटरने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “साहेब, बोल्ट बसंल, पण पाना फिरवू कुठं?” बोल्टच्या डोक्याभोवती बोटभरही जागा नव्हती. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. पान्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. (मीच सांगायला हवं होतं.)

सध्याच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची 2008 ची गोष्ट आठवून पाहा. 10 सप्टेंबरला झोत फिरला, जगभर टाळ्या पडल्या आणि 19 तारखेला दोन चुंबकांमधला एक विद्युत जोड निकामी झाला. ठिणगी उडून चुंबकं थंड ठेवणाऱ्या हीलियमच्या आवरणाला भोक पडलं, काही टन हीलियम बाहेर आला, कित्येक टनांची चुंबकं जागची सरकली. यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. त्यानंतरही काही वर्षं ते ठरवलेल्या ऊर्जेच्या जवळपास निम्म्यावरच चालवावं लागलं. 2013-14 मध्ये यंत्र बंद ठेवून दहा हजारांहून अधिक जोड पक्के केले, तेव्हा कुठे ऊर्जा वाढवता आली. आराखड्याचं गणित बरोबरच होतं हो, घात केला तो जोडाने.

तेव्हा नव्या यंत्राची आखणी अल्गोरिदमकडे देताना ‘टकरी जास्तीत जास्त, खर्च कमीत कमी’ एवढंच सांगून चालणार नाही. जोड तपासायला हात पोचतो का, बिघडलेलं चुंबक बोगद्यातून किती दिवसांत बाहेर काढता येईल, हेही त्या हिशेबात घालायला हवं. आणि हे आकडे कोडिंग करणाऱ्याकडे नसतात.

यात आपलाही संबंध आहे. लार्ज हॅड्रॉन कोलायडरचं 15 मीटर लांब, सुमारे 35 टनांचं एकेक मुख्य चुंबक ज्या जॅकवर बसलंय, ते भारतातून गेले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने जवळपास सात हजार जॅक तयार झाले. 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. पुढच्या आखणीसाठी माणसं पाठवाल तेव्हा मशीन लर्निंगवाली मुलं जरूर पाठवा, पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्या जॅकच्या कामातलं कुणीतरी बसवा.

— एक निवृत्त डिझायनर, चिंचवड