फोटोनंतरचं वजनही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत महिन्यात दहा किलो उतरवलेल्यांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो आले होते. कोथरूडमध्ये मी बावीस वर्षं जेवणाचे डबे देते. त्या ‘नंतर’च्याही नंतर काय होतं, ते मला परत येणाऱ्या डब्यात दिसतं.

दर जानेवारीत निरोप येतात, “काकू, उद्यापासून पोळी बंद, भात बंद, नुसती भाजी आणि कोशिंबीर द्या.” पुढचे तीन आठवडे डबे घासायचीही गरज पडू नये इतके पुसून येतात. मग एक दिवस फोन येतो, “आज चार पोळ्या घाला, काही गोड असेल तर तेही.” बँकेत काम करणारी एक मुलगी ऑफिसात वाढदिवसाच्या केकचा तुकडा खाऊन बसली आणि त्या रात्री तिनं फरसाणाचं अख्खं पाकीट संपवलं. दुसऱ्या दिवशी डबा न्यायला आली ती रडतच. “मोडलंच होतं ना काकू, म्हटलं आता काय राहिलंय!”

तिचं मन दुबळं नाही. माझी लेक आहारशास्त्र शिकली, तिच्या पुस्तकांत मी वाचलं. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत स्वतःला आवरणाऱ्या मुलींनी मात्र जास्त खाल्लं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याकडच्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे.

शरीरही हिशेब ठेवतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोज साधारण १५७० कॅलरी. वजन जवळपास पाव हिश्शानं उतरलं. पण ते दिवसभर जेवणाचंच बोलत, पाककृतींची पुस्तकं वाचत, ताटल्या चाटत. बंधन उठल्यावर पोट भरलं तरी भूक भागेना आणि परतलेल्या वजनात चरबीचा वाटा वाढला. ती माणसं मुळात सडसडीत होती, हे खरं. तरी पोरी आज १२०० कॅलरींचे तक्ते दाखवतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

काहीही खा, असं मी म्हणत नाही. माझ्या यजमानांना मधुमेह आहे, वजनाचं महत्त्व मला कळतं. डॉक्टरांना विचारून आम्ही त्यांच्या तीन पोळ्यांच्या दोन केल्या, भाताची मूद निम्मी केली. होळीला एक पुरणपोळी मात्र ठरलेली, तुपासकट. चार वर्षांत सात किलो उतरले, ते परत चढले नाहीत. कडक बंदी आणि सैल हातानं घातलेला आवर यांतला हा फरक जर्मन संशोधक वेस्टेनहोफर यांनी १९९१ मध्ये मांडला. बंदीवाल्यांचं खाणं अधिक सुटतं, असं त्यांना आढळलं.

आपल्याला कळकळीची विनंती, असे फोटो छापाल तेव्हा त्याच माणसांना दोन वर्षांनी पुन्हा भेटा आणि त्यांचं तेव्हाचं वजनही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे