ठोक्यांची गोळी मनाने बंद करण्याआधी

महोदय,

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून गोळ्या सुरू होतात. मग चक्कर येते, मळमळते, थकवा जात नाही, आणि रुग्ण आपल्या मनाने गोळी अर्धी करतो किंवा सोडूनच देतो. त्याचा त्रास खरा असतो आणि पुष्कळदा मात्रा किंवा औषध बदलून तो कमीही करता येतो. पण या औषधांपैकी प्रत्येक औषध शरीरातून वेगळ्या गतीने जाते. म्हणून एक गोळी सोडण्याचा परिणाम दुसरीसारखा होत नाही.

मेटोप्रोलॉल ही नाडी मंद करणारी गोळी. तिचा असर लवकर ओसरतो. अनेक महिने ते घेतलेले हृदय अॅड्रिनलिनला जास्तच हळवे झालेले असते. अचानक थांबवले तर नाडी धावते, रक्तदाब चढतो आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्यांना छातीत दुखू शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. ते एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायचे असते. नावापुढचे 'एक्सएल'ही पाहावे. ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळते. मधली खाच असेल तर तिचे दोन तुकडे चालतात, चावून किंवा कुटून मात्र घेऊ नये. मेडिकलमध्ये एक्सएल नाही म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅमची साधी गोळी दिली, तर सकाळी चक्कर आणि रात्री धडधड असा अनुभव येऊ शकतो.

ठोक्यांची लय सांभाळणाऱ्या अमिओडॅरोनचे उलट. ते चरबीत, यकृतात, फुप्फुसांत साठते. निम्मे बाहेर पडायलाच कित्येक आठवडे लागतात. बंद केल्यावर बरेच दिवस काहीच होत नाही, म्हणून रुग्णाला वाटते की गोळीची गरजच नव्हती. त्रासही लगेच थांबत नाही, म्हणून वाटते की तो गोळीमुळे नव्हताच. दोन्ही समज चुकीचे. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असते. त्यातले थोडेच सुटे होते, पण शरीराची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅमच आहे. त्यामुळे थायरॉइड मंदावू शकते किंवा भडकू शकते. मंदावले की सुस्ती येते आणि ती वयावर ढकलली जाते. भडकले की वजन उतरते, हात कापतात आणि धडधड परत येते. घात इथेच होतो. मूळ आजारच उलटला असे वाटून मात्रा वाढवली जाते, आणि दोष त्या गोळीचाच असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि यकृताची तपासणी, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे. कोरडा खोकला आणि दम लागणे मुंबईच्या धुळीच्या माथी मारू नये. सोबत अॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर त्याचा जोर वाढतो, मात्रा बरीच कमी करावी लागते. अमिओडॅरोन थांबवल्यावरही काही महिने आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी चाचणी) वरचेवर पाहावा लागतो.

ठोके आवरणारे तिसरे औषध डिगॉक्सिन. त्याची मळमळ आणि गेलेली भूक घराघरांत 'पित्त' म्हणून खपते. दिसताना पिवळसर झाक आली तर शंका पक्की समजावी. मूत्रपिंड मंदावले किंवा पोटॅशियम घटले की नेहमीचीच मात्रा विषारी ठरते. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली की दोन्ही एकदम घडते. त्यात परस्पर आणलेले अॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन (ही प्रतिजैविके) किंवा उलटीवरचे ऑनडॅनसेट्रॉन अमिओडॅरोन वा सोटालॉल या ठोक्यांच्याच दुसऱ्या गोळीबरोबर पडले, तर ईसीजीतला क्यूटी कालावधी (एका ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे उत्तेजित होऊन पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि त्यातून जीवघेणी लय सुरू होऊ शकते. डिगॉक्सिनची रक्तपातळी तपासायची तर गोळीनंतर किमान सहा तासांनी रक्त द्यावे, नाहीतर आकडा फसवा येतो.

डॉक्टरांकडे जाताना नुसते 'बरे वाटत नाही' सांगून मात्रा ठरवता येत नाही. गोळीची वेळ आणि त्रासाची वेळ लिहून न्यावी. पाच मिनिटे बसून नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंदांना चारने गुणण्याची पद्धत अनियमित ठोक्यांत चुकते. रक्तदाब बसून एकदा आणि उभे राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा घ्यावा. आणि एका वेळी एकच औषध बदलावे. दोन एकदम बदलली तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

महापालिकेच्या रुग्णालयांना आमची एक विनंती आहे. ओपीडीच्या केस पेपरवर एक रबरी शिक्का मारावा: औषध, सुरू केल्याची तारीख, मागचा आणि पुढचा टीएसएच, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), क्यूटी. दर वेळी डॉक्टर बदलतात, कागद तोच राहतो. औषधविक्रेत्यांनी ठरलेली गोळी नसेल तर बदली देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

शुद्ध हरपली, छातीत दुखले, किंवा नाडी पन्नासच्या खाली जाऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता 108 ला फोन करावा. जाताना गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, डबीत काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या नकोत. नाव आणि मिलिग्रॅम पट्टीवरच छापलेले असतात.

— दोन औषधनिर्माते (फार्मासिस्ट), दादर, मुंबई