इंजिन बदलण्यापूर्वी ते मोजायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या दुचाकीच्या दुरुस्तीविषयी आपल्या वृत्तपत्रात नुकतेच एक वाचकपत्र वाचले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर ती गाडी काढून टाकावी, असा सल्ला पत्रलेखकाने दिला आहे. हा हिशेब मी गॅरेजच्या दारात अनेकदा ऐकला आहे, आणि झिजलेल्या स्कूटर इंजिनाला तो लावणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात मायक्रोमीटर आणि बोअर गेज ही मापयंत्रे हाताळण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. त्यामुळे मोजल्याशिवाय एखादा भाग बाद ठरवणे मला जमत नाही, हा माझा दोष समजावा.

माझ्याकडे २०११ सालची ११० सीसीची गिअरलेस स्कूटर आहे. अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर झाल्यावर ती धूर सोडू लागली, चढावर दम टाकू लागली आणि दर हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल पिऊ लागली. या इंजिनात ऑइल मावते जेमतेम पाऊण लिटर, म्हणजे दुर्लक्ष झाले असते तर कॅमशाफ्ट कोरडा पडून इंजिन जाम व्हायला वेळ लागला नसता. घराजवळच्या गॅरेजमध्ये मी गाडी नेली. तिथल्या गृहस्थांनी ती एकदा रेझ केली, मागच्या धुराकडे पाहिले आणि सांगितले, ‘फुल इंजिन करावे लागेल, चौदा हजार. गाडीचे आज पंधरासुद्धा येणार नाहीत. काका, नवीन घ्या.’ या निदानाला दोन मिनिटेही लागली नाहीत, आणि त्यात एकही माप घेतले गेले नाही.

धुरातही प्रकार असतात, हे गाडी चालवणाऱ्याला माहीत असले पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. ही रबरी सील स्वस्त असतात आणि त्यांच्यासाठी ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो सिलेंडर, काढण्याची गरज नसते. ॲक्सिलरेटर पिळताच धूर येत असेल आणि गाडी गरम झाल्यावरही तो थांबत नसेल, तर पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा बोअर (सिलेंडरची आतली पोकळी) झिजले असल्याची शक्यता अधिक. याची खातरजमा करण्याची जुनी रीत अशी, की आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजायचे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजायचे. कॉम्प्रेशन वाढले तर गळती रिंगांच्या बाजूने आहे आणि वाढले नाही तर व्हॉल्व्हच्या बाजूने आहे, असे मानतात. धुराचा प्रश्न पीयूसी चाचणीवर सोडू नये, कारण पेट्रोल दुचाकीची ही चाचणी इंजिन संथ चालू असताना होते. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, बोअरची झीज मोजली जात नाही. माझी स्कूटर धूर सोडत असतानाही त्या चाचणीत उत्तीर्ण झाली होती.

दुसरे मेकॅनिक पेठेतल्या एका बोळात बसतात. त्यांनी माझ्यासमोर हेड (ब्लॉकवरचे झाकण) आणि ब्लॉक उतरवला. त्यांच्याकडे बोअर गेज नव्हता आणि माझाही कारखान्यातच राहिला, परंतु फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच, होता आणि तेवढे पुरेसे होते. पिस्टनवरची एक रिंग काढून ती ब्लॉकच्या तळाशी, जिथे रिंगा कधी घासत नाहीत अशा जागी, पिस्टनच्याच माथ्याने सरळ बसवली. तिच्या दोन टोकांतली फट ०.३५ मिलिमीटर भरली. तीच रिंग वरच्या बाजूला, रिंगांची धाव जिथे संपते त्याच्या किंचित खाली बसवल्यावर फट ०.८० झाली. दोन्ही मापांतला फरक ०.४५. त्याला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज मिळते, आणि ती सुमारे ०.१४ मिलिमीटर होती. रिंग दोन्हीकडे तीच असल्यामुळे ती स्वतः किती झिजली आहे याने या फरकात काही बिघडत नाही. ब्लॉकच्या वरच्या काठाजवळ तर नखालाही लागेल अशी कड तयार झाली होती. एवढ्या लहान बोअरला ०.१ मिलिमीटर झीजदेखील पुष्कळ म्हणायची. म्हणजे ब्लॉकचे काम करणे भाग होते, परंतु हे आता अंदाजाने नव्हे तर मापाने ठरले होते.

यापुढचा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच विचारायचे ग्राहक विसरतो. काम ‘हाफ इंजिन’चे आहे की ‘फुल इंजिन’चे? हाफमध्ये ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि हेडचे काम येते. फुलमध्ये क्रँककेस उघडून क्रँक, त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगांपर्यंत जावे लागते, आणि बिल एकदम दुप्पट होते. ब्लॉक उतरवला की कनेक्टिंग रॉड हाताला येतो. तो डावी-उजवीकडे थोडा हलला तर घाबरण्याचे कारण नाही, तेवढी मोकळीक त्याला मुद्दाम ठेवलेली असते. वर-खाली हलला, टकटक जाणवली, तर मात्र बिग एंडचे, म्हणजे रॉड आणि क्रँकच्या सांध्यातले, बेअरिंग गेले असे समजावे. माझा रॉड वर-खाली तसूभरही हलला नाही, आणि क्रँक हाताने फिरवल्यावर बेअरिंगांचा घरघराट नव्हता. पहिल्या गॅरेजने सांगितलेले चौदा हजारांचे काम तिथेच निम्म्यावर आले. त्या गृहस्थांनी फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी पाहिलेच नव्हते, एवढेच म्हणतो.

ब्लॉक बदलायचा की त्याला बोअर मारायचे, म्हणजे तो आतून कापून किंचित मोठा करायचा, हा निर्णय लेथवाल्याकडे झाला. पाव मिलिमीटरच्या ओव्हरसाइजमध्ये बोअर पूर्ण साफ होईल याची खात्री नव्हती, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, पिस्टनचा दाब ज्या बाजूला पडतो तिकडे ती जास्त असते. म्हणून अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन घेतला. लेथवाल्याने आधी पिस्टन मागून घेऊन मोजला आणि मगच बोअरला हात लावला. ‘एक थाऊ ठेवतो, साहेब,’ म्हणजे पिस्टन आणि बोअर यांच्यात इंचाच्या हजाराव्या भागाइतकी मोकळीक, एवढे एकच वाक्य तो बोलला, आणि हा माणूस कामाचा आहे हे मला समजले. चेतकच्या टू-स्ट्रोक जमान्यात पुण्यातल्या बहुतेक घरांना ओव्हरसाइज हा शब्द माहीत होता, कारण त्या काळी नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि दुरुस्तीला पर्यायच नव्हता. आता पर्याय आहे म्हणून ते ज्ञान पुसले जात आहे. काही नव्या इंजिनांच्या सिलेंडरला आतून कठीण मुलामा दिलेला असतो. त्यांना बोअर मारता येत नाही, अख्खा ब्लॉकच घ्यावा लागतो, हेही आधी विचारून घेतलेले बरे.

व्हॉल्व्ह घासून, सील, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी धरून एकूण ६,९०० रुपये झाले. माझे फिरणे वर्षाला सहा हजार किलोमीटर. हे काम पाच वर्षे टिकले, तर किलोमीटरमागे तेवीस पैसे पडतात. नवी स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे, तरीही आकडा तेच घर गाठतो. नवी गाडी चाळीसऐवजी अठ्ठेचाळीसचे ॲव्हरेज देईल असे धरले, तरी वर्षाला पंचवीस लिटर पेट्रोल, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास वाचेल. या वेगाने लाख रुपये वसूल व्हायला किती वर्षे लागतील, ते पत्रलेखकांनीच मांडून पाहावे. बाजारभाव हा गाडी विकणाऱ्याचा हिशेब आहे. गाडी वापरणाऱ्याने, या खर्चातून पुढे किती किलोमीटर पदरात पडतील, एवढेच पाहायचे असते.

अर्थात प्रत्येक जुनी स्कूटर दुरुस्त करावीच, असे माझे म्हणणे नाही. इंजिनावर खर्च करण्यापूर्वी मी गाडी आडवी करून चौकट पाहिली. स्टँड जिथे बसतो ती जागा आणि पायाखालच्या पत्र्याखालचे पाइप गंजाने पोखरलेले असतील, तर नव्या पिस्टनचा काही उपयोग नाही. कोकणात, खाऱ्या हवेत वाढलेल्या गाड्यांच्या बाबतीत ही तपासणी आधी करावी आणि इंजिन नंतर उघडावे. क्रँककेसला तडा असेल किंवा बेअरिंगच्या बैठका सैल झाल्या असतील, तर मीही नवीन गाडीकडेच वळेन. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दुचाकीचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तो खर्चही या हिशेबात धरायला हवा.

काहीजण तिसरी वाट सुचवतात, ती म्हणजे भंगारातले तयार इंजिन आणून बसवणे. स्वस्त आणि एका दिवसात होणारे हे काम मोहात पाडते. परंतु इंजिन क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो, आणि इंजिन बदलल्याची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. पावती नसलेले इंजिन कोणाच्या गाडीतून आले हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी तोच क्रमांक पाहतो. त्यातून त्या इंजिनाचा बोअर किती झिजला आहे, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. त्या निमित्ताने एक साधी गोष्ट व्हावी, असे वाटते. बोअर, पिस्टन आणि रिंगेची फट यांच्या झिजेच्या मर्यादा उत्पादकांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेल्या असतात. त्याच चार ओळी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत, मराठीत, द्याव्यात. आणि गॅरेजने इंजिनाच्या कामाच्या अंदाजपत्रकावर रकमेच्या शेजारी घेतलेले माप लिहावे. माझ्या मेकॅनिकने ते पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून दिले आहे, आणि जुना पिस्टनही न मागता कागदात गुंडाळून हातात ठेवला. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या पुढे जाऊ नका, असे त्यांनी बजावले होते. त्यातले तीनशे दहा झाले आहेत, आणि डिपस्टिकवर ऑइलची रेघ अजून जिथल्या तिथे आहे.

आपला,
एक वाचक, पुणे